पाचवं पान

३ ऑगस्ट, सोमवार

एकोणीस वर्षं वर्गात बडबडून पोट भरलं, आता तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा हुकूम आला आहे. विभागप्रमुखांनी (सगळे त्यांना मागून कात्री म्हणतात, कुणाचंही बोलणं मधेच कापतात म्हणून) आज जाहीर केलं की प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला यापुढे व्याख्यान नाही. सोडवायला एक प्रकरण द्यायचं, तेही एकदम नाही, दर तासाला एक पान. मुलांनी फळ्यावर तीन रकाने आखायचे: काय माहीत आहे, काय माहीत नाही, कुणी शोधायचं. शिक्षकाने खुर्चीवर बसून राहायचं. उत्तर द्यायचं नाही, सुचवायचं नाही, मान हलवायची नाही.

"मग पगार कशाचा?" असं मी विचारलं तर म्हणाले, "गप्प बसण्याचा."

माझ्या वाट्याला विषय आला रक्ताचे नमुने घेण्यातल्या चुका. प्रकरण काल्पनिक हवं, पण खऱ्यासारखं. संध्याकाळी चहा घेऊन बसले आणि चाळीस मिनिटांत चार पानं लिहून झाली. खाडाखोडसुद्धा नाही. नवऱ्याने खांद्यावरून वाचलं आणि म्हणाला, "तू कधीपासून गोष्टी रचायला लागलीस?" म्हटलं, एवढी वर्षं शिकवलं की येतं आपोआप.

६ ऑगस्ट, गुरुवार

कात्री खूश. एकदाही कापलं नाही, शेवटपर्यंत वाचलं. "अगदी समोर घडल्यासारखं वाटतं हो," म्हणाले. विद्यापीठ यंदा अशा प्रकरणांचं पुस्तक काढणार आहे, सहा कॉलेजांत लागेल. माझं प्रकरण त्यात पहिलं. महिनाअखेर छपाईला जाईल. आणि मुलांनी नीट सोडवलं तर या अभ्यासक्रमाची समन्वयक मी. हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते! आनंद व्हायला हवा होता. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

प्रकरण इथे टिपून ठेवते, पुढे लागेल म्हणून. इस्पितळाचा वॉर्ड, सकाळी बत्तीस जणांचं रक्त घ्यायचं. आदल्या रात्री शेजारच्या दोन रुग्णांच्या खाटा आपसात बदलल्या, कारण एकाला सारखं बाथरूमला जावं लागायचं. एक अनुभवी तंत्रज्ञ बाई खाटांच्या क्रमाने रक्त घेत जाते. नाव विचारत नाही. दोघांच्या नळ्यांची अदलाबदल होते. पहिल्याचं पोटॅशियम कमी, पण तो रिपोर्ट जातो दुसऱ्याच्या नावाने, आणि ज्याला गरज नाही त्याला सलाइनमधून पोटॅशियम चढतं. त्याचं हृदय अडखळतं, पण वेळीच लक्षात आल्याने तो वाचतो. शिक्षकांच्या पानावरचं उत्तर: तंत्रज्ञाने नाव न विचारता नमुना घेतला, जबाबदारी तिची.

सरळ आहे. आणि काल्पनिक आहे, नावं कुणाचीच नाहीत.

९ ऑगस्ट, रविवार

ताईंकडे जाऊन आले. ताई म्हणजे इस्पितळाच्या लॅबमधल्या माझ्या पहिल्या वरिष्ठ. शीर कशी शोधायची ते त्यांनी शिकवलं, तेही स्वतःच्या हातावर. नोकरी गेल्यावर चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसल्या, आता तेही सुटलं. गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत. मी दर दोन-तीन आठवड्यांनी जाते, औषधं आणून देते, बिलं भरते, सफरचंदं नेते. उपकार नाही, कृतज्ञता आहे. पिशवी त्या न बघता खिडकीतल्या फळीवर ठेवतात.

आज विचारलं, "कॉलेजात काय नवीन?"

मी म्हटलं, "काही नाही, तेच रहाटगाडगं."

"मग तिसऱ्यांदा साखर का घालतेयस चहात?"

घरी आल्यावर डोकं दुखत होतं. नवरा म्हणतो, ताईंकडून आलीस की तुझं डोकं दोन दिवस दुखतं, त्यांच्या खोलीत हवा खेळत नाही. तसंच असेल.

१० ऑगस्ट, सोमवार

पहिलं पान दिलं आणि बसले. गप्प बसणं इतकं अवघड असतं हे माहीत नव्हतं. पाच मिनिटं सगळे माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. एकाने अदबीने विचारलं, "मॅडम, तब्येत बरी आहे ना?"

मग हळूहळू गाडी चालू लागली. फळ्यापाशी खडू पहिल्यांदा कुणी घेतला असेल तर शंकासुराने. ही मुलगी गेल्या वर्षी दर तासाला माझं व्याख्यान अडवायची. वर्गाने ठेवलेलं नाव तिने स्वतःच वहीवर लिहिलंय. पहिल्याच दिवशी दुसऱ्या रकान्यात अकरा ओळी भरल्या. खाटा कुणी बदलल्या? कळवलं का नाही? बत्तीस जणांना किती वेळ लागतो?

कात्री दारातून डोकावले आणि अंगठा दाखवून गेले. मजा आली, खोटं कशाला बोलू.

१३ ऑगस्ट, गुरुवार

दुसरं पान. खाटा बदलल्याचं आणि नमुने घेतल्याचं. मुलांनी पटापट तंत्रज्ञ बाईला गुन्हेगार ठरवलं. मागच्या बाकावरचा एक म्हणाला, "सरळ आहे, बाई निष्काळजी. पुढचं पान द्या."

शंकासुर फळ्यापाशी उभी होती. म्हणाली, "थांब रे. रक्त घेऊन झाल्यावर खाटेपाशीच तिने नाव लिहिलं असतं, तर रुग्णाचं कार्ड बघावं लागलं असतं. चूक तिथेच कळली असती. म्हणजे नाव आधीच लिहिलेलं होतं. रिकाम्या नळीवर." आणि दुसऱ्या रकान्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं: नळ्यांवर नावं कधी लिहिली? कुणी?

मला गप्प बसायचं होतं. एवढंच काम होतं माझं. मी उठले, म्हटलं, "हा मुद्दा इथे महत्त्वाचा नाही," आणि डस्टर घेऊन ती ओळ पुसली.

तिने खडू ठेवला. पुढची वीस मिनिटं सगळे वह्यांत डोकं घालून बसले.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

तिचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही. रागावली नव्हती. नवल वाटल्यासारखी बघत होती.

१७ ऑगस्ट, सोमवार

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय. दोन पोरं व्हरांड्यात कुजबुजली तरी माझ्याबद्दलच असं वाटतं.

आज तिसरं पान द्यायचं होतं. वर्गात गेले तर शंकासुर आणि तिच्या गटातले चौघं फळ्यापाशी तयार. शनिवारी ही मंडळी स्वतःहून एका इस्पितळाच्या लॅबमध्ये गेली होती. तिथल्या लोकांसमोर घड्याळ लावून मोजलं. खाटेपाशी जायचं, नाव विचारायचं, रक्त घ्यायचं, लेबल लिहायचं, चिकटवायचं: चार मिनिटं. बत्तीस जणांना दोन तासांहून जास्त. माझ्या कागदावर काम सव्वा तासात संपतं.

"एकटीला जमणारच नाही, मॅडम," ती म्हणाली. "कुणीतरी ट्रे आधीच तयार करून ठेवला होता. म्हणजे या गोष्टीत अजून एक माणूस आहे. तो कागदावर नाही."

वेळ मी सव्वा तास का लिहिली? दोन तास लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? सव्वा तास होता म्हणून लिहिली.

आता लिहूनच टाकते. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, आणि एकोणीस वर्षांत मी हिच्याशीही खोटंच बोलत आले.

ट्रे मी तयार केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी या कॉलेजात माझी मुलाखत होती, म्हणून आदल्या संध्याकाळी वॉर्डची यादी समोर घेऊन बत्तीस रिकाम्या नळ्यांवर नावं चिकटवली आणि खाटांच्या क्रमाने लावून ठेवल्या. ताईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "रिकाम्या नळीवर नाव घालायचं नाही. रक्त आधी, नाव नंतर." मला वाटलं, सकाळी त्या एकट्या पडणार, त्यांना तेवढीच मदत. तसं वाटलं का खरंच? की मुलाखतीला जाताना कामाचं ओझं टाकून जातेय, ते दिसू नये म्हणून? आज सांगता येत नाही.

रात्री खाटा बदलल्या. सकाळी ताईंनी तयार ट्रे उचलला. दुपारी तो माणूस गेला. वाचला नाही. मी त्याला कागदावर वाचवला.

चौकशी नऊ दिवसांनी झाली. नोंदवहीत सही ताईंची होती. समितीने मला एकच प्रश्न विचारला, "त्या सकाळी तुम्ही ड्यूटीवर होता का?" मी म्हटलं, "नाही." ते खरंच होतं. ताई समोर बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे. त्याच आठवड्यात मला इथलं नेमणूकपत्र आलं.

२० ऑगस्ट, गुरुवार

तास रद्द केला, डोकेदुखीचं कारण देऊन. कात्रींच्या खोलीत गेले. पाठ करून गेले होते. म्हटलं, "सर, प्रकरणात एक पान कमी आहे. ते असं छापू नका."

"मुलांना सुटलं का?"

"त्यांना जास्तच सुटलंय."

ते हसले. "मग झालं तर! अहो, प्रकरण म्हणजे काही चौकशी नव्हे. कशाला जुनं मढं उकरता? एकतीसला छपाईला जातंय, अभिनंदन."

जुनं म्हणाले ते सहज. त्यांना काय माहीत! मी पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं, त्यांचा फोन वाजला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती. छापलं की दरवर्षी सहा कॉलेजांतली पोरं ताईंना दोषी ठरवणार आणि त्यावर मार्क मिळवणार. माझ्या नावाखाली.

२३ ऑगस्ट, रविवार

ताईंना सांगितलं.

चारही पानं घेऊन गेले होते. सफरचंदंही घेतली होती, सवयीने. दारात चप्पल काढता काढताच म्हटलं, "ताई, तो ट्रे मी लावला होता." बसले असते तर बोलले नसते.

ताई दार उघडून पुन्हा खुर्चीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "बस."

मी उभीच.

"बस गं, मान दुखते माझी वर बघून." मी बसले. मग म्हणाल्या, "तुझं अक्षर मला ओळखता येत नाही? तीन वर्षं तुझ्या हातच्या नळ्या वाचल्या मी."

मला वाटलं होतं त्या ओरडतील, रडतील, नाहीतर मला जवळ घेतील. मी तिन्हीची तयारी करून गेले होते.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"त्या दोन नळ्या मी फ्रीजमध्ये मागे ठेवल्या होत्या. चौकशीत दाखवता येतील म्हणून. नमुने सात दिवस ठेवायचे, नियम होता. रोज सकाळी फ्रीज उघडायचे आणि म्हणायचे, आज ती येऊन सांगेल. मग आपण दोघी मिळून समितीसमोर जाऊ. आठव्या दिवशी टाकून दिल्या."

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

"मी सांगितलं असतं तर मी तुला पकडून दिलं असं झालं असतं. तू सांगितलं असतंस तर तू माझ्या हाताखाली काहीतरी शिकलीस असं झालं असतं." गुडघा चोळत बसल्या जरा वेळ. "मग चौकशी झाली. म्हटलं, घाबरली असेल, पोर आहे, महिन्याभरात येईल. तू आलीस. सफरचंदं घेऊन. तेव्हापासून दर वेळी बेल वाजली की वाटायचं, आज. आणि तू पिशवी पुढे करायचीस."

मी रडायला लागले. ताई म्हणाल्या, "रडू नकोस, मला पाणी आणायला उठवत नाही." आणि मग, "ती सफरचंदं खालच्या मजल्यावरच्या मुलांना जातात. मला चाववत नाहीत, दहा वर्षं झाली. तुझ्या कधी लक्षात नाही आलं?"

नाही आलं. मी त्यांच्या दातांकडे कधी बघितलंच नाही. डोळ्यांकडेही नाही.

हातातली पानं कसली ते सांगितलं, वर्गाचं आणि पुस्तकाचंही. त्यांनी ती मागून घेतली. चष्मा लावून चारही वाचली, एकेक शब्दावर बोट ठेवून, रिपोर्ट तपासायच्या तशा. चौथ्या पानावर बोट थांबलं.

"हा वाचला?"

मी पिशवीचे बंद गुंडाळत बसले.

"तुझ्या कागदावर तरी वाचला म्हणायचा." चष्मा काढला. "शिवणकाम करायचा. महिन्याभराने मी गेले होते त्याच्या घरी. म्हटलं, रक्त मी घेतलं होतं, मी नाव विचारलं नाही. बायकोने दार लावून घेतलं. बरोबर केलं तिने. खोलीत शिवायच्या कपड्यांचा ढीग पडला होता, अर्धवट."

मी म्हटलं, "ताई, मी प्रकरण मागे घेते. फाडून टाकते."

"फाडतेस कशाला? एवढी पोरं त्यावर डोकं फोडतायत. पुरं कर." पेन मागितलं. मी पर्समधलं दिलं. चौथ्या पानावर 'वाचतो' खोडून 'मरण पावतो' लिहिलं. तंत्रज्ञाने नाव न विचारल्याची ओळ मी घरूनच खोडून आणली होती. ती त्यांनी पुन्हा लिहून काढली. "हे राहू दे. हे खरं आहे. माझी चूक माझ्याकडे ठेव, तुझी तू घे."

निघताना विचारलं, "मला माफ कराल?"

"मला नाही माहीत गं," म्हणाल्या. "मी वाट बघण्यातच सगळी संपले." मग मी चप्पल घालत असताना, "पिशवी घेऊन जा."

२४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी कात्रींच्या टेबलावर पत्र ठेवलं. सगळं लिहिलं आहे, तारखेसकट. एक प्रत इस्पितळाला. त्यांनी वाचलं, दोनदा. याही वेळी काही कापलं नाही, कारण मी काही बोललेच नाही. शेवटी म्हणाले, "समन्वयक सोडा, तुमच्या नोकरीचं काय होईल ते मला सांगता येणार नाही." मी म्हटलं, "माझा अकराचा तास आहे," आणि वर्गावर गेले.

दुरुस्त केलेली पानं वाटली आणि रात्री बसून लिहिलेलं पाचवंही वाटलं. शंकासुराला मोठ्याने वाचायला सांगितलं. आदल्या संध्याकाळचं, मुलाखतीचं, यादीचं, बत्तीस नळ्यांचं. फ्रीजमधल्या सात दिवसांचं. शिवणकाम करणाऱ्या त्या माणसाच्या घरी ताई जाऊन आल्याचं. शेवटची ओळ वाचताना तिचा आवाज खाली आला: ती दुसरी व्यक्ती आज या वर्गाची शिक्षिका आहे.

मला वाटलं होतं आता कुणीतरी काहीतरी बोलेल. मागच्या बाकावरचा, ज्याने बाईला निष्काळजी ठरवलं होतं, तो पान उलटून कोरी बाजू बघत होता. मी खुर्चीवर बसले होते, नियमाप्रमाणे. समजावून सांगायला जीभ वळवळत होती: मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, घाबरले होते, कुणी विचारलंच नाही. दात दाबून बसले.

बऱ्याच वेळाने शंकासुर उठली. फळ्यावरचे तीन रकाने तसेच होते. तेराव्या तारखेला मी पुसलेल्या ओळीची जागा अजून रिकामी होती, पांढुरकी. तिने तिथेच लिहिलं. यावेळी मोठ्या अक्षरांत नाही, साध्याच: त्या शिवणकाम करणाऱ्या माणसाच्या घरच्यांना खरं काय ते कुणी सांगितलं?

कुणीच नाही. एकोणीस वर्षं त्यांच्या घरात गुन्हेगार म्हणून ताईच आहेत. मी ताईंना सांगितलं, कात्रींना लिहिलं, इस्पितळाला लिहिलं, मुलांना वाचून दाखवलं, आणि मला वाटत होतं संपलं.

तिने खडू तिसऱ्या रकान्यावर टेकवला, 'कुणी शोधायचं' या शब्दांखाली, आणि वर्गाकडे बघून विचारलं, "हे कुणाकडे द्यायचं?"

डस्टर माझ्या हाताशी होता. शिक्षकाने उठायचं नसतं. मी उठले, तिच्या हातातला खडू घेतला आणि त्या रकान्यात लिहिलं: मी.